ज्याचं त्यानं घ्यावं

केटररबाईंनी विचारलं, "पेयं कशी द्यायची?" आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. सगळे म्हणजे माझी मुलगी, होणारा जावई आणि स्वतः बाई. टेबलाखाली एक मांजरही झोपलं होतं, पण त्याला माझ्या मताची पर्वा नव्हती.

दारू नको हे दोन्ही घरांनी आधीच ठरवलं होतं. लिंबू सरबत, संत्र्याचा रस आणि मुलांसाठी काहीतरी गुलाबी, इथपर्यंत गाडी विनासायास आली होती. प्रश्न होता तो हे सगळं पाहुण्यांच्या तोंडापर्यंत कसं पोचवायचं याचा. बाईंनी समजावून सांगितलं की तीन पद्धती असतात. वाढपी ट्रे घेऊन फिरतात आणि बसल्या जागी प्रत्येकाच्या हातात पेला देतात, ही एक. काउंटर लावायचा आणि तिथे एक माणूस पेले भरून देतो, ही दुसरी. नाहीतर काचेच्या मोठाल्या बरण्या ठेवायच्या, त्यांना खाली नळ असतो, ज्याला तहान लागेल त्यानं जाऊन आपलं आपण घ्यावं.

मला ट्रे हवे होते. कारण ऐकून कोणी हसेल, पण सांगतो. बायको गेल्यापासून माझ्या हातात कोणी न मागता पाण्याचा पेला दिलेला नाही. दुकान बंद करून घरी आलो की मीच कुलूप काढतो, मीच दिवा लावतो, मीच पाणी ओततो आणि मीच ते पितो. मुलगी एका तपासणी प्रयोगशाळेत आहे, तिची कामाची पाळी संपून ती येते तेव्हा माझं जेवण उरकलेलं असतं. तिचा काही दोष नाही. पण मला वाटत होतं, निदान लेकीच्या लग्नात कोणीतरी माझ्यापाशी यावं, जरासं वाकावं आणि म्हणावं, घ्या.

आणि म्हणून मी म्हणालो, "कसले ट्रे न् बिट्रे? लोकांना हातपाय नाहीत का? बरण्या ठेवा. ज्याचं त्यानं घ्यावं."

आता या माणसाचं डोकं ठिकाणावर आहे का, असं कोणालाही वाटेल. ते ठिकाणावर आहे, फक्त त्याची घडण वेगळी आहे. मी लहान असताना आमच्या घरचा कायदा असा होता की जे मागाल ते मिळणार नाही. मागणाऱ्यानं लाज सोडलेली असते, असं वडील म्हणायचे. मला निळी पेन्सिल हवी असली की मी म्हणायचो, लाल काय छान आहे! मग वडील मला धडा शिकवायचा म्हणून मुद्दाम निळी आणायचे. असे ते मला धडे शिकवत गेले आणि मी शिकत गेलो. ही विद्या घेऊनच मी संसाराला लागलो.

बायकोला पहिल्याच हिवाळ्यात सगळं कळून चुकलं. ती म्हणाली, तुमच्यासाठी स्वेटर विणते. मी म्हणालो, छे, मला कुठे थंडी वाजते? तिनं माझ्याकडे एकदा नीट बघितलं, बाजारात गेली आणि लोकर घेऊन आली. तेव्हापासून आमचा रिवाज पडून गेला. मी उलटं बोलायचं आणि तिनं ते सुलटं करून घ्यायचं. मी सिनेमाला कशाला म्हणालो की तिकिटं यायची. माझ्या ताईला कशाला बोलावतेस म्हणालो की ताई दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन दारात. वर बायको ठसक्यात म्हणायची, "तुम्ही गप्प बसा हो, तुम्हाला काय कळतंय?" मी तोंड पाडून बसायचो आणि आतून मला गुदगुल्या होत असायच्या. बघणाऱ्यांना वाटायचं, बाई मोठी कजाग आणि नवरा बिचारा गरीब गाय. गोगलगाय आणि पोटात पाय, हे तिला एकटीला ठाऊक होतं.

तर मी बरण्या म्हणालो आणि सवयीनं वाट बघत बसलो. आता मुलगी म्हणेल, बाबा, काहीतरीच काय, म्हातारी माणसं का उठून जातील? तिनं तोंड उघडलंसुद्धा.

"ठीक आहे," ती म्हणाली. "बाबा म्हणतायत तर बरण्या."

जावयानं मान हलवली. केटररबाई म्हणाल्या, छान, आणि लगेच खुर्च्यांच्या कापडांचे नमुने टेबलावर पसरले. माझा निकाल लागला होता आणि कोणाच्या काही लक्षातही आलं नव्हतं.

मला धास्ती वाटली, पण ती काही ट्रेसाठी नव्हती. ती घरासाठी होती.

झालं होतं असं. लग्नानंतर राहायला म्हणून मुलीनं आणि जावयानं भाड्याची दोन घरं बघून ठेवली होती. एक छोटं, तिच्या प्रयोगशाळेपासून चालत जाण्यासारखं, दोघांपुरतं. दुसरं जरा लांब, पण त्यात मागच्या बाजूला एक जादा खोली. मीही बघायला गेलो होतो. खोलीला पूर्वेची खिडकी होती आणि खिडकीतून एका शाळेचं मैदान दिसत होतं. पलंग कुठे बसेल ते मी मनातल्या मनात मोजून आलो होतो. त्यानंतर दोनतीन दिवसांनी स्वयंपाकघरात भांडी विसळता विसळता मुलीनं विचारलं, "बाबा, तुम्ही आमच्याकडे राहायला याल का? याल तर आम्ही मोठं घेतो. रिसेप्शनच्या आधी मालकांना कळवायचंय."

मनात म्हटलं, येतो. आत्ता येतो, थांब, चप्पल घालतो. आणि तोंडानं म्हणालो, "मला काय धाड भरलीय? माझं दुकान इथे, घर इथे. तुमच्या नव्या संसारात मी म्हातारा कशाला लुडबुडू?"

तिनं हात पुसले, क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बरं."

तेव्हापासून मी रोज वाट बघत होतो की आज ती येईल आणि म्हणेल, तुमचं काही ऐकायचं नाही, तुम्ही यायचंय म्हणजे यायचंय. केटररबाईंच्या ऑफिसात त्या बरण्या पास झाल्या तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ही मुलगी माझं बोलणं जसंच्या तसं घेते. ती कधीच येऊन तसं म्हणणार नाही.

माणूस खड्ड्यात पडला की त्यानं निदान खणणं तरी थांबवावं. मी नाही थांबवलं. त्या रात्री जेवताना मी मुद्दाम आवाज चढवून म्हणालो, "बरण्या म्हणजे बरण्याच हं. एक जरी ट्रे दिसला तर मी हॉलमधून उठून जाईन." माझी बायको असती तर एव्हाना तिला हसू फुटलं असतं आणि सकाळी उठून तिनं हॉलभर ट्रे सांगितले असते. मुलीनं हातातला घास खाली ठेवला, फोन घेतला आणि केटररबाईंना बजावून सांगितलं की एकही ट्रे आणायचा नाही, बाबांना चालणार नाही. मग माझ्याकडे बघून गोड हसली. आपल्या हातानं आपल्याच पायावर धोंडा कसा मारून घ्यावा, याचे वर्ग मी काढायला हरकत नाही.

ताईला फोन केला. ताई माझ्याहून मोठी आणि जिभेची तिखट. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, तुझी बायको मनकवडी होती रे, पण म्हणून काय सगळं जग मनकवडं असतं का? पोरीला सरळ सांग की मला एकट्याला राहायचं नाही, आणि रिसेप्शनच्या आधी सांग. मी म्हणालो, कोण म्हणतं मला एकट्याला राहायचं नाही? मी मजेत आहे. ताईनं फोन ठेवून दिला.

तिचं खरं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. मी मजेत नव्हतो. घरात मुलीच्या चपला दारात असतात, तिचा टॉवेल दोरीवर असतो, तेवढ्यावर मी दिवस काढत होतो. त्या चपलाही जाणार, या विचारानं मला संध्याकाळी दुकान बंद करू नये असं वाटायचं. शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावरही मी उगाच चष्म्याच्या चौकटी पुसत बसायचो.

चष्म्याचं दुकान आहे माझं. दिवसभर मी लोकांना हेच विचारत असतो, हे स्पष्ट दिसतं की हे? आधीचं बरं की आत्ताचं? आणि लोक धडाधड सांगतात. कोणाला लाज नाही, संकोच नाही. मला या लोकांचा हेवा वाटायला लागला. मी ठरवलं की आपणही सराव करायचा. गिऱ्हाईक नसलं की मी आरशासमोर उभा राहून म्हणायचो, मला तुमच्याकडे राहायला यायचंय. साधं वाक्य आहे, पण तोंडात दुसऱ्याचीच कवळी घातल्यासारखं वाटायचं. एकदा एक निवृत्त मास्तर खुर्चीत बसले होते. त्यांच्या नाकावर तपासणीची चौकट, मी एकेक भिंग बदलतोय, मनात घोकंपट्टी चालूच. आणि ते वाक्य तोंडातून बाहेर पडलं. मास्तर अदबीनं म्हणाले, आमच्याकडे जागा नाही हो. जरा थांबून म्हणाले, आणि आधीचंच भिंग बरं होतं.

मुलीशी बोलायची संधीही लवकर मिळेना. तिची कामाची पाळी, खरेदी, आमंत्रणं. जावई चांगला मुलगा आहे, पण सतत तिच्याबरोबर. एकदा सकाळी जिन्यात ती एकटी सापडली. मी म्हणालो, बाळा, ते घराचं जरा... तिनं दोन पायऱ्या वर येऊन माझ्या सदऱ्याची कॉलर नीट केली आणि म्हणाली, काळजी करू नका बाबा, तुम्हाला कोणी ओढून नेणार नाही. आणि धावत खाली गेली. मी तिथेच कठड्याला धरून उभा राहिलो. ओढून न्या असं कोणाला कसं सांगायचं, ते मला कोणी शिकवलं नव्हतं.

असा रिसेप्शनचा दिवस उजाडला. सकाळी नोंदणी कचेरीत लग्नाच्या सह्या झाल्या, संध्याकाळी हॉल. लांबट खोली, पांढऱ्या कापडातल्या खुर्च्या, एका टोकाला बुटकं स्टेज आणि दारापाशी लांब टेबलावर माझ्या त्या बरण्या. दिसायला झकास होत्या, खोटं कशाला बोलू. पिवळी, नारिंगी, गुलाबी, आणि आत बर्फ.

पाहुणे आले आणि पहिल्या पंधरा मिनिटांतच बरण्यांनी आपले गुण दाखवले. दार आणि टेबल एकाच जागी, त्यामुळे आत येणारे आणि रांगेत उभे असलेले यांची सरमिसळ झाली. लिंबाच्या बरणीचा नळ अडकून बसला, तो कोणीतरी जोर लावून उघडला तर बंद होईना. एक गृहस्थ नळाला बोट लावून उभे राहिले आणि कोणीतरी येऊन सोडवेपर्यंत त्यांना तिथून हलता आलं नाही. लादी चिकट झाली. चपला उचलताना चटचट आवाज यायला लागला. म्हातारी माणसं खुर्च्यांवर रिकाम्या हातांनी बसून टेबलाकडे बघत होती. ताई काठी टेकत माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "लग्नाला आलोय की नळावर?" विहीणबाई भल्या आहेत. त्या म्हणाल्या, कल्पना छान आहे, पाय मोकळे होतात.

आणि माझी मुलगी स्टेजवरून भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, ती बाबांची कल्पना. सगळं बाबांनी ठरवलंय. तिची मान अभिमानानं वर, आणि माझी दर खेपेला थोडी आणखी खाली.

मी भिंतीकडेची एक खुर्ची पकडून बसलो. घसा कोरडा पडला होता. पण उठायचं, रांगेत उभं राहायचं आणि शेवटी आपला पेला आपणच भरायचा, हे मी घरी रोज करतोच. तेच इथे नवे कपडे घालून करायची इच्छा नव्हती. लोक येत होते, अभिनंदन म्हणत होते, हात हलवून पुढे जात होते. हॉल माणसांनी भरलेला होता आणि माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. इतकं एकटं मला घरीही वाटलं नव्हतं. घरी निदान कोणी बघायला नसतं.

फोटोवाले जेवायला गेले तेव्हा मुलगी स्टेजवरून उतरली आणि सरळ माझ्याकडे आली. शेजारच्या खुर्चीत बसली, बूट काढले आणि पायाची बोटं हलवत बसली. चेहरा दमलेला होता, पण उजळलेला.

"सगळं तुमच्या मनासारखं झालं ना, बाबा?"

मी म्हणालो, झालं की. खरं तर इथूनच सरळ बोलायला सुरुवात करायची होती, पण जीभ आपल्या जुन्या रस्त्यानं गेली.

तिनं बूट खुर्चीखाली सरकवले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई गेली तेव्हा मी एक ठरवलं होतं. आईनं जन्मभर तुमचं एक ऐकलं नाही. तुम्ही काही म्हणालात की ती हटकून त्याच्या उलट करायची. मला इतकं वाईट वाटायचं तुमचं. लहान असताना मी रडलेयसुद्धा. मी ठरवलं, यापुढे बाबांचा शब्द कोणी मोडायचा नाही. निदान मी तरी नाही."

मला आधी हसू आलं आणि ते ओठांवर येईपर्यंत आटून गेलं. लेक एवढ्या मायेनं बोलत होती आणि तिच्या डोक्यात तिची आई एक दुष्ट बाई होऊन बसली होती. तेही माझ्यामुळे. ज्या बाईनं माझी प्रत्येक न मागितलेली गोष्ट माझ्या हातात आणून ठेवली, तिच्यावर हा आळ. स्वतःसाठी जे सरळ बोलणं मला इतक्या दिवसांत जमलं नव्हतं, ते तिच्यासाठी एका दमात बाहेर आलं.

"तुझ्या आईनं माझं सगळं ऐकलं," मी म्हणालो. "मी बोललो नाही तेसुद्धा ऐकलं. मी उलटं बोलायचो, बाळा. मला जे हवं असायचं त्याला मी नको म्हणायचो. ती ते ओळखून मला आणून द्यायची. ते भांडण नव्हतं. आमची बोलायची तऱ्हाच ती होती."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं हळूच मान वळवून त्या टेबलाकडे बघितलं, तिथल्या गर्दीकडे, ओल्या झालेल्या कापडाकडे.

"म्हणजे तुम्हाला ट्रे हवे होते?"

"हो," मी म्हणालो. किती सोपा शब्द होता.

"आणि मी स्वयंपाकघरात विचारलं, तेव्हा..." ती मध्येच थांबली. तिचा हात तोंडाशी गेला. चेहऱ्यावरचा उजेड माझ्या डोळ्यांदेखत गेला. "बाबा, आम्ही काल छोट्या घराच्या करारावर सही करून आलो. मोठं मालकांनी लगेच दुसऱ्यांना देऊनही टाकलं. मी परत विचारायला हवं होतं का हो तुम्हाला?"

स्टेजवरून जावई तिला हात करून बोलवत होता. फोटोवाले परत आले होते. माझ्या मनात त्या एका क्षणात पूर्वेची खिडकी येऊन गेली, हे नाकारत नाही. मोठ्यांदा म्हणावंसं वाटलं की हो, विचारायला हवं होतंस, मला माझ्या घरात एकट्याला राहायची भीती वाटते. खरं तेच होतं. पण ते बोललो असतो तर तिनं ते आज संध्याकाळभर आणि पुढेही गळ्यात बांधून घेतलं असतं. रोज छोट्या घराचं दार उघडताना तिला मी आठवलो असतो. त्या घरात न राहताही मी तिथे कायमचा मुक्काम ठोकला असता.

"वेडी आहेस का?" मी म्हणालो. "घराचं मी खरंच म्हणालो होतो. मला माझं घरच बरं. दुकान जवळ, सगळं हाताशी. तुमच्याकडे मला करमलं नसतं."

तिनं माझा हात धरला. डोळे बारीक करून माझ्या चेहऱ्यावर काहीतरी शोधायला लागली.

"हे उलटं की सुलटं, बाबा?"

मी तिच्या डोळ्यांत बघितलं. आयुष्यात कोणाकडे इतकं सरळ बघितलं नसेल.

"सुलटं," मी म्हणालो.

तिनं सुटकेचा निःश्वास टाकला, माझा हात दाबला, बूट चढवले आणि घाईघाईनं स्टेजकडे गेली.

तिची आई असती तर खुर्चीतून हलली नसती.